‘ने’ म्हणजे हो : ग्रीक बेटांची सहल आणि वाचकांच्या शंका

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. त्यामुळेच की काय, ग्रीक बेटांबद्दल आलेल्या पत्रांत सर्वांत जास्त प्रश्न पाण्याचे होते, आणि त्याखालोखाल जेवणाचे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (लातूर) : आम्ही तिघं, नवरा-बायको आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. आठ रात्रींत अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी, क्रीट आणि ऱ्होड्स असा कार्यक्रम आम्हाला सुचवला गेला आहे. जमेल का? दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार आहे.

नकाशावर बोट फिरवून जमतं, पाण्यात बोट चालवून जमत नाही. ऱ्होड्स पार तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ आहे, तो वेगळ्या सहलीचा विषय. क्रीट हे बेट कसलं, २६० किलोमीटर लांबीचा प्रांतच आहे. त्याला एकट्याला आठ दिवस कमी पडतात. प्रत्येक बेट बदलताना सामान बांधा, बंदर गाठा, बोटीची वाट पाहा, उतरून खोली शोधा, यात निम्मा दिवस जातो. पाच ठिकाणं म्हणजे तुमचे अडीच दिवस नुसते बॅगा ओढण्यात गेले.

आमचं ऐकाल तर दोन बेटं. पहिली रात्र अथेन्स, मग नॅक्सोसवर चार रात्री, सँटोरिनीला दोन आणि शेवटची रात्र पुन्हा अथेन्सला. विमानतळावरून मेट्रोची तीन नंबरची गाडी थेट पिरेअस बंदरापर्यंत जाते, तासभर लागतो, विमानतळाचं तिकीट ९ युरो आहे. नॅक्सोसच्या मोठ्या बोटी सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला सुटतात आणि पाच-साडेपाच तासांत पोचवतात. बंदर अवाढव्य आहे. तिकिटावर गेटचा क्रमांक असतो, तो आदल्या रात्रीच बघून ठेवा. ‘ई ७’ मेट्रो स्टेशनच्या जवळ आहे, ‘ई १’ मात्र सामान घेऊन चालत जाण्यासारखं नाही.

दोन प्रकारच्या बोटी आहेत. मोठी, संथ, गाड्या वाहून नेणारी. आणि लहान, वेगवान. वेगवान बोट सँटोरिनीला पाचेक तासांत नेते, मोठी साडेसात-आठ तास घेते. तरीही मोठीच घ्या. तिकीट स्वस्त, वर उघडा डेक असतो, आणि लाटांत कमी हलते. वेगवान बोटीत बहुधा बंद काचेआड बसावं लागतं आणि वारा सुटला की प्रवासी कागदी पिशव्या मागू लागतात. बोट लागत असेल तर गोळी बसण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या, उलटी व्हायला लागल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. बसायला खालच्या मजल्यावरची, मधल्या भागातली जागा धरा.

उतरतानाची तऱ्हा माहीत नसली तर धांदल होते. मोठ्या बॅगा तळमजल्यावर, जिथे ट्रक उभे असतात तिथल्या मांडण्यांवर ठेवायच्या. प्रत्येक मांडणीवर बेटाचं नाव असतं, पारोसच्या मांडणीवर ठेवलीत तर बॅग पारोसला उतरायची भीती. तुमच्या बेटाची घोषणा झाली की जिना उतरून त्या ट्रकांच्या मजल्यावर जाऊन उभं राहायचं. डिझेलचा वास, साखळ्यांचा खणखणाट, आणि मग बोटीची मागची भिंतच हळूहळू खाली येऊन धक्क्यावर टेकते. बोट काही मिनिटंच थांबते. गाढ झोपलेल्याला कोणी उठवायला येत नाही.

शेवटची रात्र अथेन्सला का, तर वाऱ्यामुळे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वाहतो, कधी कधी सलग तीन-चार दिवस. एका मर्यादेपलीकडे वारा गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत आणि आधी अडकतात त्या वेगवान बोटी. ज्या दिवशी परतीचं विमान त्याच दिवशी बेटावरून निघणं म्हणजे मुंबईचं तिकीट वाऱ्यावर सोडणं.

आता दिवाळी. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्या सुमारास सायक्लडीझ, म्हणजे नॅक्सोस-सँटोरिनी ज्यात येतात त्या, बेटांवरची बहुतेक हॉटेलं आणि खानावळी कुलूपबंद असतात, बोटी कमी होतात, समुद्र खवळलेला असतो. दिवाळीतच जायचं असेल तर अथेन्स आणि क्रीटमधलं खान्या, एवढंच ठेवा. नाहीतर मुलीची परीक्षा संपल्यावर, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत जा. सर्वांत उत्तम सप्टेंबर : समुद्र उन्हाळाभर तापलेला, वारा ओसरलेला, गर्दी निवळलेली. १५ ऑगस्टच्या आसपास मात्र चुकूनही नको. तो ग्रीकांचा मोठा सण, निम्मं अथेन्स बेटांवर लोटतं.

प्रश्न (परभणी) : उत्पन्न शेतीचं आहे, आयकर भरत नाही. व्हिसा मिळेल का?

मिळतो, पण कागद नीट लावले तर. ग्रीसला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच, व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो पडायलाच हवा. उन्हाळ्यातल्या प्रवासासाठी तीन महिने आधी वेळ घ्या. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, शिवाय व्हिसा अर्ज-केंद्राचं शुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला.

शेतकऱ्याच्या अर्जात अडतं ते एका ठिकाणी. सोयाबीन किंवा कापूस विकल्यावर खात्यात एकदम मोठी रक्कम जमा होते आणि लगेच अर्ज जातो. तपासणाऱ्याला ती उसनी आणून भरल्यासारखी दिसते. म्हणून बाजार समितीची किंवा जिनिंगची पट्टी, सातबारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर आणि एका पानाचं निवेदन जोडा : एकर किती, पीक कोणतं, कोणत्या तारखेची कोणती पट्टी बँकेतल्या कोणत्या नोंदीशी जुळते. सहा महिन्यांचा बँक उतारा द्या. सातबाऱ्यावरचं नाव आणि पासपोर्टावरचं नाव यांत वडिलांच्या नावाचा किंवा आडनावाचा फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून घ्या. हॉटेलं रद्द करता येतील अशीच आरक्षित करा.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ठसे आणि फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. पहिल्या खेपेला रांगेत वेळ जातो. तुमचं पहिलं शेंगेन विमानतळ अथेन्स नसून जर्मनीतलं किंवा इटलीतलं असेल तर पुढच्या विमानासाठी निदान तीन तास हातात ठेवा.

प्रश्न (बीड) : घरात माळ आहे. मांस, मासे, अंडं काहीच चालत नाही. आठ दिवस पावावर काढावे लागतील का? सोबत दशम्या, चटण्या न्याव्यात का?

शेंगदाण्याची चटणी न्या, हौसेला. पण उपाशी राहायची वेळ येणार नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात वर्षातले कितीतरी दिवस उपवासाचे असतात, आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडं वर्ज्य. त्यामुळे तेलातल्या भाज्यांचं एक अख्खं खातं त्यांच्या स्वयंपाकात आहे, त्याला ‘लादेरा’ म्हणतात. खानावळीत, म्हणजे ‘तावेर्ना’त, याच नावाखाली शोधा.

‘फासोलाकिया’ म्हणजे टोमॅटोत शिजवलेल्या श्रावणघेवड्याच्या शेंगा. ‘बाम्येस’ म्हणजे चक्क भेंडी, लहान आणि अख्खी. ‘ब्रियाम’ ही बटाटा, वांगं, कोर्जेट (काकडीसारखा कोवळा भोपळा) यांची भट्टीत भाजलेली मिसळभाजी. ‘यिगान्देस’ हे मोठे पांढरे वाल. ‘मेलिझानोसालाता’ म्हणजे वांग्याचं भरीत, फक्त मिरचीऐवजी लसूण-लिंबू आणि खाली ऑलिव्ह तेल. ‘रेविथिया’ म्हणजे काबुली चण्याचं कालवण. आणि सँटोरिनीची ‘फावा’ : पिवळं, घोटलेलं वरण, वर कच्चा कांदा. नावावरून ते घेवड्याचं वाटतं, पण दाणा लाखेच्या डाळीच्या कुळातला आहे. एक ताटली फावा, एक ग्रीक सॅलड, पाव : दोघांचं पोट भरतं. तिखट कुठेच मिळणार नाही, तेवढी चटणीची पुडी खिशात ठेवायला हरकत नाही.

आता खड्डे कुठे आहेत ते बघा. पहिला आणि सर्वांत मोठा भाषेचा. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो, आणि ‘ओही’ म्हणजे नाही. तुम्ही विचारता, यात मटण आहे का? वाढपी म्हणतो, ‘ने, ने’. आपल्या कानाला ते ‘नाही, नाही’ वाटतं आणि आपण खुशाल घास घेतो. मान हनुवटी उचलून मागे टाकली, भुवया वर गेल्या, तर तो नकार. म्हणून प्रश्न विचारूच नका, सांगा : ‘इमे होर्तोफागोस’, मी शाकाहारी आहे. बाई सांगत असेल तरी हाच शब्द. पुढे जोडा : ‘होरीस क्रेआस, होरीस प्सारी, होरीस अवगो’. मांसाशिवाय, माशाशिवाय, अंड्याशिवाय. कागदावर ग्रीक लिपीत छापून नेलंत तर आणखी बरं.

दुसरा खड्डा ‘निस्तीसिमो’ या शब्दाचा. म्हणजे उपवासाचं. दूध-अंडं नसतंच, पण त्यांच्या उपवासाला कोळंबी, ऑक्टोपस, माकूल चालतात! साबुदाण्यासारखं निर्धास्त समजू नका. तिसरा, ‘येमिस्ता’. भात भरलेल्या ढोबळ्या मिरच्या आणि टोमॅटो असतात, काही घरांत त्यात खिमाही घालतात, विचारूनच घ्या. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांतही तसंच. बिनमांसाच्या त्या ‘यालांजी’. चौथा, ‘तारामोसालाता’. फिकट गुलाबी चटणी भरताशेजारीच वाढतात, ती माशाच्या अंड्यांची असते. ‘केफ्तेदेस’ शब्द आला की मात्र लगेच घाबरू नका. सँटोरिनीचे ‘तोमातोकेफ्तेदेस’ ही टोमॅटोची भजी, ‘कोलोकिथोकेफ्तेदेस’ ही कोर्जेटची. या दुसऱ्यात चीज आणि पुष्कळदा अंडंही असतं.

चीजबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. फेटा आणि बरीच पारंपरिक ग्रीक चीजं विरजताना वासराच्या किंवा करडाच्या जठरातलं रेनेट वापरण्याची रीत आहे. कडक पाळणाऱ्यांनी सॅलड ‘होरीस फेता’ मागवावं. दह्याची अशी अडचण नाही. ‘यिआउर्ती’ म्हणजे पाणी निथळलेला आपला चक्काच, वर थाइमचा मध आणि अक्रोड. रोजचा नाश्ता तोच ठेवला तरी कंटाळा येत नाही.

आणखी थोडं. टेबलावर न मागता येणारा पाव बिलात लागतो, नको असेल तर आल्या आल्या परत करा. रात्रीचं जेवण नऊनंतर रंगतं, सातला गेलात तर तुम्ही आणि मांजरंच. छोट्या बेटांवर नळाचं पाणी खारट लागतं, पिण्याला बाटली घ्या. कार्ड चालवताना यंत्र विचारतं, रुपयांत की युरोत? युरो दाबा. रुपये दाबलेत की त्यांचा महाग भाव लागतो.

प्रश्न (हिंगोली) : मी विहिरीत, नदीत उत्तम पोहतो. घरचे मात्र पाण्यात कधी उतरलेले नाहीत. कोणता किनारा निवडावा?

विहिरीत पोहणाऱ्याला समुद्रात उलट जास्त सांभाळावं लागतं, कारण त्याला भीती नसते. विहिरीला काठ चारी बाजूंनी असतो, समुद्राला एकाच बाजूला. मेल्तेमी उत्तरेकडून येतो, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तिथे पाणी काचेसारखं शांत दिसतं, आणि तोच फसवा किनारा. हवेची गादी किंवा रबरी ट्यूब घेऊन मूल आत गेलं तर वारा दहा मिनिटांत लांब नेतो. गादी सोडून मुलाला आणता येतं, गादीच्या मागे पोहत गेलात तर दोघेही जाता. नियम एकच : किनाऱ्याला समांतर पोहायचं, आत नाही, आणि छातीइतक्या पाण्यात. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, त्यामुळे दम लागलाय हे उशिरा कळतं. सगळ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. लाल झेंडा दिसला तर उतरायचं नाही. आणीबाणीचा क्रमांक ११२.

पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी नॅक्सोस गावाला लागूनच असलेला आयोस योर्गोस किनारा. वाळू मऊ, पाणी दूरवर गुडघा-मांडीएवढंच. तो जमला की बसने पुढे : आयोस प्रोकोपिओस, आया आन्ना, प्लाका, एकाला एक लागून, पश्चिमेला तोंड असलेले. प्लाका चार किलोमीटरची अखंड वाळू. त्याच्या काही भागांत लोक विवस्त्र पोहतात. आईवडील बरोबर असतील तर बसथांब्याजवळच्या टोकाला राहा. मिक्री विग्लाच्या उत्तर बाजूला वारा इतका असतो की तिथे पतंगाच्या जोरावर फळीवर घसरणारे खेळाडू येतात. बघायला जा, पोहायला नको.

सँटोरिनीला वाळू काळी. पेरिसा आणि कामारी दोन्ही सुंदर, पण नवख्यांना अवघड. पाणी चार पावलांत खोल होतं, आणि काठालाच शेवाळलेल्या सपाट शिळा असतात, त्यावर हमखास पाय घसरतो. बसकण मारून पाण्यात शिरणं हाच शहाणपणा. दुपारी काळी वाळू तव्यासारखी तापते. लाल किनारा दुरून बघावा. वरच्या कड्यातून दगड सुटतात, पाट्या लावलेल्या आहेत आणि लोक त्या पाट्यांखालीच टॉवेल पसरतात.

पाण्यातले रबरी बूट प्रत्येकासाठी न्या. खडकावर समुद्री साळू, ‘आहिनोस’, बसलेले असतात. काटा रुतला तर चिमट्याने सरळ ओढा, पायाने दाबून मोडू नका. मोडला आणि सांध्याजवळ असला तर डॉक्टर. कपड्यांबद्दल पत्रातून संकोच दिसतो. तिथे कोणी कोणाकडे बघत नाही, पण सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस भिजला की दोन-तीन किलोचा होतो आणि पाय अडकतात. नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख आणि लेगिंग्ज, हे झाकलेलंही आणि सुरक्षितही. उन्हाचं म्हणाल तर ४२ अंशांत वाढलेल्या माणसाला तिथले २९ अंश किरकोळ वाटतात. वाऱ्यामुळे चटका कळत नाही, रात्री खांदे भाजतात.

छत्री आणि दोन खाटांचं भाडं पंधरा युरोपासून पुढे कितीही असतं, पहिल्या रांगेला जास्त. बसण्याआधी विचारा. किनारा सार्वजनिक आहे. स्वतःची चटई टाकून मोकळ्या पट्ट्यात बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न (जालना) : सँटोरिनीचा ज्वालामुखी लोणारसारखा आहे का? आणि वेरूळ-अजिंठा बघितलेल्याला तिथे नवीन काय?

दोन्ही वाटोळे, दोन्हीत पाणी, साम्य तिथेच संपलं. लोणारचं विवर उल्केच्या आघाताने झालेलं, व्यास पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. सँटोरिनीत जमीन आतून खचली. इसवीसनपूर्व १६०० च्या सुमारास तिथे प्रचंड उद्रेक झाला, जमिनीखालची शिलारसाची कोठी रिकामी झाली आणि तिचं छप्पर कोसळलं. त्या खड्ड्यात समुद्र शिरला. फिरा गावाच्या कठड्याला टेकून तुम्ही खाली बघता ती त्या खड्ड्याची भिंत, समुद्रापासून सुमारे तीनशे मीटर उंच.

आपला दख्खनचाही दगड लाव्ह्याचाच, पण तो पातळ, वायू सहज निघून जाणारा. भेगांमधून आला आणि पुरासारखा पसरला, म्हणून वेरूळला एकसंध कातळ मिळाला. सँटोरिनीचा शिलारस घट्ट, वायू आत कोंडून राहिला आणि बाटलीचं बूच उडावं तसा स्फोट झाला. त्याची राख आणि फेसाळ दगड कड्यात पांढऱ्या थरासारखा दिसतो. हातात घ्या, टाचा घासायच्या वज्रीसारखा सच्छिद्र आणि पाण्यावर तरंगणारा.

नवीन काय, तर आक्रोतिरी. त्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव, १९६७ पासून उत्खनन चालू आहे. दुमजली-तिमजली घरं, दगडी जिने, गल्लीखालून गेलेलं सांडपाणी, धान्याच्या रांजणांच्या ओळी. माणसांचे सांगाडे घरांतून सापडले नाहीत. धरणीकंपाचे हादरे बसल्यावर लोक आधीच निघून गेले असावेत. एका जिन्याच्या पायऱ्या मधोमध तडकून खाली वाकलेल्या आहेत, तो हादरा तसाच्या तसा थिजलेला दिसतो. सगळं छपराखाली आहे, त्यामुळे दुपारी जायला हेच ठिकाण. फिरा गावातून बस आहे. भिंतीवरची चित्रं मात्र तिथे नाहीत : काही फिरा गावातल्या प्रागैतिहासिक संग्रहालयात, बरीचशी अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. अजिंठा पाहिलेल्याने ती चुकवू नयेत. तिथे जातकं, इथे मासे धरलेला कोळ्याचा पोर आणि खडकावर उमललेली लिली, चोचीला चोच लावून उडणाऱ्या पाकोळ्या. अजिंठ्यापेक्षा दीड हजार वर्षांनी जुनी.

येताना द्राक्षांचे मळे बघा. जालन्याचा मांडव डोळ्यांपुढे आणलात तर मळा ओळखूच येणार नाही. वारा फार आणि पाणी नाही, म्हणून वेल जमिनीसरशी गोल गोल वळवून टोपली करतात, घड टोपलीच्या आत. बारके टोमॅटोही तिथे बिनपाण्याचे, रात्रीच्या दमटपणावर येतात.

२०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत या भागात भूकंपाची मालिका झाली होती, हजारो लोकांनी बेट सोडलं, नंतर ते परतले. निघण्याआधी बातम्या बघा, एवढंच.

सूर्यास्तासाठी इया गावातली चेंगराचेंगरी नको असेल तर उंचावरचं पिर्गोस गाव धरा. किंवा नॅक्सोसला बंदराशेजारी अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या मंदिराचा सहा मीटर उंच संगमरवरी दरवाजा, पोर्तारा, त्यातून बुडणारा सूर्य. पास नाही, तिकीट नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : आईचं वय सत्तर, गुडघे दुखतात. क्रूझ सोयीची पडेल का?

सामान रोज बांधावं लागत नाही, एवढी सोय खरी. पण सँटोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या होडीत उतरा, जुन्या बंदरावर जा, तिथून वर फिरा गावाला रोपवे. दोन-तीन जहाजं एकदम आली की त्या रांगेत तासाच्या वर उभं राहावं लागतं, आणि दुसरा रस्ता पाचशेहून अधिक पायऱ्यांचा. गाढवं असतात, बसवू नका. उतारावर गुळगुळीत दगड आणि गाढवांची लीद, दोन्ही निसरडं. ऐन हंगामात सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांना माणशी २० युरो करही आहे.

त्यापेक्षा नॅक्सोसला आयोस योर्गोसजवळ तळमजल्याची खोली. सपाट रस्ता, समुद्र चार पावलांवर, खानावळी दारात. एक दिवस टॅक्सी करून डोंगरातली गावं : हाल्की, संगमरवरी गल्ल्यांचं अपिरांथोस. सँटोरिनीला कड्यावरची खोली फोटोत छान दिसते, पण तिथे पोचायला साठ-सत्तर पायऱ्या उतराव्या लागतात. आरक्षणाआधी मालकाला लिहून विचारा, रस्त्यापासून पायऱ्या किती. अथेन्सच्या अक्रोपोलिसला, म्हणजे टेकडीवरच्या जुन्या देवळांना जायला, अपंगांसाठी उद्वाहक आहे, त्याची आधी चौकशी करा. तिकीट वेळ ठरवूनच मिळतं, सकाळी आठचं घ्या. उन्हाची लाट आली की दुपारी दारं बंद करतात. वरचा संगमरवर लाखो पावलांनी घासून आरशासारखा झालाय, आईला रबरी तळव्याचे बूट हवेतच.

हॉटेलात चेक-इन करताना प्रत्येक रात्रीचा एक सरकारी कर वेगळा द्यावा लागतो. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात खोलीमागे तीन तारांकितला ५ युरो, चारला १०, पाचला १५. फसवलं असं वाटून वाद घालू नका. आणि न्हाणीघरातली पाटी वाचा : कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात. नळ्या अरुंद आहेत, तुंबतात.

प्रश्न (नांदेड) : स्कूटर भाड्याने मिळते का?

मिळते. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, नमुना ४-अ, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत हवा, आणि दुचाकीचा वर्ग त्यात असायला हवा. गाडी उजवीकडून चालते. चूक होते ती पेट्रोल भरून पुन्हा रस्त्याला लागताना, रिकाम्या रस्त्यावर हात सवयीने डावीकडे वळतो. चार चाकांची ‘गुरुनी’ म्हणून मिळणारी क्वाड बाइक सुरक्षित दिसते, पण वळणावर उलटते. आपला प्रवास विमा बहुधा तिला धरत नाही. तिघांना लहान मोटारच घ्या, आणि ताब्यात घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढा, चाकांच्या कडांसकट.

प्रश्न (धाराशिव) : तेरच्या संग्रहालयात ग्रीक-रोमन व्यापाराचं वाचलं. त्याच्याशी जोडलेलं तिथे काही बघता येईल का?

‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातलं व्यापारी मार्गदर्शक ग्रीकमध्येच लिहिलेलं आहे. त्यात पैठण आणि तगर म्हणजे तेर दोन्ही आहेत : भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणचा अकीक आणि तेरचं कापड गाड्यांतून भडोचला जायचं. त्याच्याही थोडं आधीच्या काळातलं समुद्री व्यापाराचं बेट बघायचं असेल तर देलोस. मिकोनोसहून बोटीने अर्धा तास, मुक्कामाला बंदी, सोमवारी बहुधा बंद. सावली नाही, पाणी बरोबर न्या. मिकोनोसला आमच्या मते थांबण्याचं हे एकच कारण.

प्रश्न (अंबाजोगाई) : तिकडच्या ‘हलव्या’ची कृती द्याल का? म्हणे आपल्या शिऱ्यासारखाच असतो.

‘सिमिग्दालेन्यिओस हल्वास’. उपवासाचा, म्हणून तूप-दूध नाही. माप पाठ करायला सोपं, एक-दोन-तीन-चार : एक भाग ऑलिव्ह तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. घरच्या चौघांना अर्धी वाटी तेल, एक वाटी जाड रवा, दीड वाटी साखर, दोन वाट्या पाणी पुरतं. साखर-पाण्यात दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, लिंबाची साल घालून पाच मिनिटं उकळा, तार काढायची नाही. दुसरीकडे तेलात रवा मध्यम आचेवर बिस्किटाच्या रंगावर येईपर्यंत परता, दहा-बारा मिनिटं. बदामाचे काप त्यातच. रवा फिका राहिला तर हलवा चिकट होतो, हीच नेहमीची चूक. वासाचं, तिखटसर तेल असेल तर निम्मं साधं गोडेतेल मिसळा.

गॅस बंद करून मगच पाक ओता, थोडा थोडा, हात लांब ठेवून. फार उसळतो. पुन्हा मंद आचेवर ठेवून गोळा कडा सोडेपर्यंत ढवळा, झाकणाखाली स्वच्छ फडकं घालून दहा मिनिटं ठेवा, म्हणजे वाफेचं पाणी परत पडत नाही. मग वाटीत दाबून भरा आणि पूर्ण थंड झाल्यावर उपडा करा. गरम काढलात तर ढासळतो.